परक्या हाती पडलेली ठेव

दर्शनास आलेल्या मनुष्याचे अर्धे चित्त देवापाशी व अर्धे बाहेर काढून ठेवलेल्या चपलांपाशी असते, असे आपण थट्टेने म्हणतो. थट्टा जुनी आहे व तीत तथ्यही आहे. परंतु तिच्या मुळाशी जी समजूत दडलेली आहे, तिचा आपण क्वचितच विचार करतो. ज्याचे नावगाव आपणांस ठाऊक नाही असा मनुष्य संधी मिळताच आपली वस्तू उचलणार, ही ती समजूत होय. तिच्या बळावर आपण दारांना कुलुपे घालतो, ते ठीकच आहे. पण तिच्याच बळावर आपण स्वतःला पुष्कळ सवलतीही देत असतो. ही दुसरी गोष्ट ध्यानी येण्यासाठी आम्हांस परदेशी जावे लागले व तेथे एक पिशवी हरवावी लागली. त्या अनुभवाच्या आधारे ‘अस्तेय’ या व्रताचा थोडा विचार मंदिराच्या सभासद कुटुंबांसमोर मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पिशवी हरवली

नोकरीच्या निमित्ताने २०१६ ते २०१८ या काळात आम्ही सहकुटुंब जपानमध्ये टोकियो शहरी राहत होतो. शहराच्या पूर्वेस एदोगावा प्रभागात निशीकासाई नावाचा भाग आहे. तेथे भारतीय कुटुंबे पुष्कळ राहतात. आमचेही बिऱ्हाड तेथेच होते. पहिल्याच वर्षी, कार्तिक महिन्यातील एका दिवशी कुदानशिता येथील भारतीय वकिलातीत आमचे काम होते. ते आटोपून, दिवसभर शहरात हिंडून, संध्याकाळी आम्ही तोझाई नावाच्या भुयारी रेल्वेने घरी परतत होतो. सौभाग्यवती व सहा वर्षांची कन्या बरोबर होत्या. कन्येला झोप लागली होती. स्थानक येताच तिला उचलून घेण्याच्या धांदलीत वरच्या फळीवरील पिशवी तशीच राहिली. दारे मिटून गाडी निघून गेली, तेव्हा आम्हांस तिची आठवण झाली.

पिशवीत तिघांचे पासपोर्ट होते. घरभाड्यासाठी काढलेले १ लाख २० हजार येन एका पाकिटात होते. आणि सुती फडक्यात गुंडाळलेली, आमच्या मातोश्रींची तुळशीची जपमाळ होती. आम्ही भारतातून निघण्यापूर्वी दोनच महिने मातोश्री निवर्तल्या होत्या, आणि ती माळ आम्ही सदैव जवळ बाळगीत असू. पैसे पुन्हा मिळवता आले असते, पासपोर्टही खटपट करून नवे काढता आले असते. पण चाळीस वर्षे त्यांच्या बोटांखाली झिजलेले ते मणी कोठून आणावे?

स्थानकावरील कर्मचाऱ्याने आमचे मोडकेतोडके जपानी शांतपणे ऐकून घेतले. गाडी किती वाजताची, डबा कितवा, पिशवीचा रंग कोणता, आत काय काय आहे, हे सारे त्याने लिहून घेतले. पुढील स्थानकांवर दूरध्वनी केले. पिशवी मिळाली नाही. घरी जाताना आम्ही सौभाग्यवतींस म्हणालो, “आपल्या शेजारी मळक्या कपड्यांतला तो म्हातारा मजूर बसला होता ना, त्यानेच ती उचलली असणार.” हे वाक्य आम्ही त्या रात्री दोनदा व दुसऱ्या दिवशी आणखी एकदा उच्चारले. तो गृहस्थ आमच्याकडे पाहून काही बोलला नव्हता, आमच्या वस्तूस त्याने हात लावला नव्हता. तरी त्याला चोर ठरवताना आम्हांस क्षणभरही संकोच वाटला नाही.

चौथ्या दिवशी दूरध्वनी आला. इइदाबाशी येथे टोकियोच्या पोलिसांचे गहाळ वस्तूंचे मोठे केंद्र आहे, तेथे या असा निरोप होता. खिडकीपलीकडील बाईंनी पिशवी दाखवण्यापूर्वी आमच्याकडून तिच्यातील एकेका वस्तूचे वर्णन ऐकले व आपल्या यादीशी ताडून पाहिले. मग पिशवी पुढे केली. पाकिटातील एकही नोट कमी नव्हती. यादीत शेवटची नोंद होती ती अशी: लाकडी मण्यांची माळ, एक, कापडात गुंडाळलेली. सौभाग्यवतींनी ती माळ हाती घेतली व डोळ्यांस लावली. त्या बाई त्यांचे आटोपेपर्यंत खाली पाहत राहिल्या.

पिशवी आणून देणाऱ्याचे नाव आम्ही विचारले. कोणा प्रवाशाने ती पुढील एका स्थानकावर दिली होती, बक्षिसाचा हक्क सोडला होता, व आपले नाव कळवू नये असे सांगितले होते. ज्या वृद्धाला आम्ही तीनदा चोर म्हटले, तोच तो होता काय, हे आम्हांस कधीही कळणार नाही.

तेथील व्यवस्था

हा निव्वळ दैवयोग असेल, असे आम्हांस प्रथम वाटले. पुढे चौकशी करता त्यामागे एक जुनी व्यवस्था आहे असे आढळले. जपानमध्ये गहाळ वस्तूंविषयी स्वतंत्र कायदा आहे. तो प्रथम १८९९ मध्ये झाला, २००६ मध्ये नव्याने लिहिला गेला व २००७ च्या अखेरीस अमलात आला. सापडलेली वस्तू सात दिवसांच्या आत पोलिसांकडे द्यावी. रेल्वे किंवा दुकान अशा जागी सापडल्यास चोवीस तासांच्या आत तेथील लोकांच्या हवाली करावी. वस्तू मिळाली म्हणजे मालकाने आणून देणाऱ्यास तिच्या किमतीच्या शेकडा ५ ते २० इतके बक्षीस द्यावयाचे असते. तीन महिन्यांत मालक न आल्यास ती वस्तू सापडलेल्या मनुष्याची होते. मात्र दूरध्वनी, ओळखपत्रे अशा खाजगी माहितीच्या वस्तू त्याला कधीच मिळत नाहीत.

कायद्याच्या जोडीला वस्तू नेऊन देण्याची जागा घराजवळच असते. ‘कोबान’ म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेली लहानशी पोलीस चौकी. ही पद्धत टोकियोत १८७४ पासून चालत आलेली आहे, व आज देशभरात अशा चौक्या सहा हजारांच्या आसपास आहेत. एकदा आमच्या कन्येस शाळेच्या वाटेवर दहा येनचे नाणे सापडले. तिच्या जपानी मैत्रिणीने तिचा हात धरून तिला चौकीत नेले. तेथील शिपायाने टोपी सारखी केली, कागद काढला, नाणे कोठे व केव्हा सापडले ते विचारून लिहून घेतले आणि दोन्ही मुलींचे आभार मानले. दहा येन म्हणजे त्या वेळचे आपले सहा-सात रुपये. तेवढ्यासाठी त्याने दहा मिनिटे खर्च केली. त्या दहा मिनिटांत दोन मुलींना जे शिकवले गेले, ते शंभर सुभाषिते पाठ करूनही शिकवता येईल की नाही, याची आम्हांस शंका आहे.

एकट्या टोकियोत २०१८ या वर्षी सुमारे ४१ लाख वस्तू पोलिसांकडे आल्या. त्यांत रोख रक्कम सुमारे ३८४ कोटी येन होती, आणि तिच्यापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश मूळ मालकांकडे परत गेली. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीत किनाऱ्यावरील घरेच्या घरे वाहून गेली. तेव्हा ढिगाऱ्यांतून निघालेल्या सुमारे ५७०० तिजोऱ्या लोकांनी व मदतपथकांनी पोलिसांच्या स्वाधीन केल्या, आणि त्यांतील बहुतांश रक्कम मालकांस किंवा त्यांच्या वारसांस मिळाली.

यावरून तेथे सारे हरिश्चंद्रच नांदतात असे कोणी समजू नये. तेथे सायकली चोरीस जातात, आणि पावसाच्या दिवशी दुकानाच्या दारातील छत्री दुसराच कोणी घेऊन जातो, असे आम्ही स्वतः अनुभवले आहे. उलट २०१८ मध्ये टोकियोत पोलिसांकडे जमा झालेल्या सुमारे ३ लाख ४० हजार छत्र्यांपैकी शंभरांत एखादीच घेण्यास मालक आला. मनुष्य तोच आहे. त्याला चांगले वागण्यास सोपी वाट करून दिलेली आहे व लहानपणापासून त्या वाटेने चालवलेले आहे, इतकेच.

त्या वाटेवरील पावले या कायद्याहूनही जुनी आहेत. इसाबेला बर्ड ही इंग्रज बाई १८७८ मध्ये जपानच्या अंतर्भागात एका दुभाषासह हिंडली व तिने त्या प्रवासाचे वर्णन लिहून ठेवले. घोड्यावरून सामान नेताना एक चामड्याचा पट्टा वाटेत पडला. अंधार झाला असतानाही घोडेवाला तो शोधण्यास परत गेला, पट्टा घेऊन आला आणि देऊ केलेले पैसे घेईना. मुक्कामी सारे सामान नीट पोचवणे हे आपलेच काम आहे, असे त्याचे म्हणणे होते.

आपल्या घरातील ठेव

हे वाचून कोणी म्हणेल, “परदेशाचे गोडवे पुरेत.” आमचेही तेच म्हणणे आहे. कारण याच प्रकारची व्यवस्था आपल्या धर्मशास्त्रात फार पूर्वीच सांगितलेली आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे की, मालक ठाऊक नसलेले धन राजाने तीन वर्षे जपून ठेवावे व त्या अवधीत मालक आल्यास त्याला द्यावे. ‘हे माझे’ असे म्हणणाऱ्यास त्या वस्तूचे रूप, संख्या वगैरे विचारून खात्री करून घ्यावी. खोटा दावा करणाऱ्यास वस्तूच्या किमतीइतका दंड करावा. रक्षणाबद्दल राजाने सहावा, दहावा किंवा बारावा भाग घ्यावा. इइदाबाशीच्या खिडकीपाशी आमच्याकडून एकेका वस्तूचे वर्णन ऐकले जात होते, तेव्हा हा नियम जणू आमच्यासमोर चालताबोलता उभा होता.

आजच्या कायद्यातही ही गोष्ट आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७१ वे कलम सांगते की, दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो, त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. म्हणजे सापडलेली वस्तू ही कायद्याच्या दृष्टीने ठेव होय. ‘लक्ष्मी चालून आली’ असे म्हणून ती खिशात घालणाऱ्याला धर्मशास्त्राचा आधार नाही व कायद्याचाही नाही.

आणि एके काळी परदेशी मनुष्यच आपल्याकडे येऊन आपला प्रामाणिकपणा पाहून थक्क होत असे. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेला ग्रीक वकील मेगास्थनीस याचा मूळ ग्रंथ लुप्त झाला आहे, परंतु स्ट्रेबो या भूगोलकाराने त्यातील माहिती नोंदवून ठेवली आहे. चार लाख माणसांच्या छावणीत कोणत्याही एका दिवशी कळवलेल्या चोऱ्या दोनशे द्राख्म्यांहून अधिक मोलाच्या नव्हत्या, आणि लोक आपली घरे बहुधा पहाऱ्यावाचूनच ठेवतात, असे त्याने लिहिले होते. त्याच्या लिहिण्यात थोडी अतिशयोक्ती असेल असे धरले, तरी पाटलीपुत्राच्या रस्त्यावर एखादा परका मनुष्य निर्धास्तपणे हिंडला होता, एवढे तरी त्यातून कळते.

पतंजलींनी योगसूत्रांत पाच यम सांगितले: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह. यांतील अस्तेयाचा अर्थ ‘चोरी न करणे’ एवढाच आपण करतो. व्यासभाष्य त्याहून पुढे जाते. दुसऱ्याच्या वस्तूविषयी स्पृहाच नसणे, हे तेथे अस्तेयाचे रूप मानले आहे. अर्थात कुलपामुळे चोरी टळली, तर ते अस्तेय नव्हे. पाहणारा कोणी नसता, नाव कळण्याची भीती नसता, मनुष्य काय करतो यावरूनच या व्रताची पारख होते. आमची पिशवी परत करणाऱ्याची पारख तशीच झाली.

पाकिटांचा प्रयोग

या पारखेचा एक मोठा प्रयोग अलीकडे झाला आहे. चार संशोधकांनी ४० देशांतील ३५५ शहरांत १७,३०३ पाकिटे ‘सापडली’ म्हणून बँका, टपालकचेऱ्या, उपाहारगृहे नव्हेत तर विश्रामगृहे, नाट्यगृहे अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांच्या हाती दिली, व ते मालकाशी संपर्क साधतात की नाही हे पाहिले. त्या देशांत भारतही होता. काही पाकिटांत पैसे होते, काहींत नव्हते. हे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पैसे असलेले पाकीट लोक अधिक वेळा लाटतील, असा सामान्य माणसांचा व अर्थशास्त्रज्ञांचाही तर्क होता. घडले उलटेच. बिनपैशाच्या पाकिटांबाबत शेकडा ४० जणांनी मालकास कळवले. पैसे असलेल्यांबाबत शेकडा ५१ जणांनी. तीन देशांत पैसे आणखी वाढवून पाहिले, तेव्हा हे प्रमाण शेकडा ७२ पर्यंत चढले. शिवाय पाकिटात किल्ली असली, म्हणजे जी फक्त मालकाच्याच उपयोगाची अशी वस्तू असली, तरी लोक अधिक तत्परतेने कळवीत. आमच्या मातोश्रींची माळही अशीच एक किल्ली होती.

संशोधकांनी याची दोन कारणे दिली. एक, परक्याच्या हानीविषयी मनुष्यास खरोखरच कळवळा असतो. दुसरे, स्वतःच्या नजरेत चोर ठरणे त्याला सोसत नाही, आणि रक्कम मोठी असली की ही बोच वाढते. म्हणजे परका मनुष्य आपण समजतो त्याहून बरा असतो. चुकीचा असतो तो त्याच्याविषयीचा आपला अंदाज.

चारशे रुपये

आता आमची स्वतःची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. १९९८ साली, आम्ही नुकतेच नोकरीस लागलो असता, बडोद्यास आमच्या वाड्याजवळील वाणी सामानाच्या दुकानात आम्ही शंभराची नोट दिली. गर्दीच्या भरात दुकानदाराने ती पाचशेची समजून बाकी परत केली. चारशे रुपये अधिक आले. ते आमच्या दाराशीच ध्यानी आले. आम्ही परत गेलो नाही. मनाशी म्हणालो, “हा तरी वजनात कोठे चोख असतो?” त्याच्या वजनात खोट असल्याचा कोणताही पुरावा आमच्यापाशी नव्हता. पण स्वतःच्या नजरेत चोर ठरावयाचे नसेल, तर समोरच्यास चोर ठरवणे हा सोपा उपाय असतो. तोच आम्ही केला. आगगाडीतील त्या वृद्धाविषयी जे वाक्य अठरा वर्षांनी आमच्या तोंडून इतक्या सहज निघाले, त्याचा सराव आम्ही या दुकानाच्या पायरीवर केला होता.

जपानहून परतल्यावर, २०१९ मध्ये, आम्ही त्या दुकानात गेलो. जुने दुकानदार वारले होते व गादीवर त्यांचे चिरंजीव बसले होते. आम्ही सारी हकीकत सांगून चारशे रुपये त्यांच्यापुढे ठेवले. ते प्रथम हसले. मग थोड्या वेळाने म्हणाले, “काका, बापूजी हिशेब जुळल्याशिवाय जेवायला बसत नसत. चारशे म्हणजे त्या वेळी मोठी रक्कम. त्या रात्री आमच्याकडे उशीर झाला असेल.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी चोपडी उघडली व ‘जुनी येणे बाकी’ म्हणून ती रक्कम त्या दिवसाच्या जमेस धरली. आम्ही व्याजाचा विषय काढला, तो त्यांनी हाताने बाजूस सारला. पण उपाशी राहून हिशेब जुळवणारे ते वृद्ध गृहस्थ तेव्हापासून आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. त्यांचे देणे आम्ही त्यांच्या हाती देऊ शकलो नाही.

टोकियोतील अनामिक प्रवाशाचे देणेही तसेच राहिले आहे. ते त्याला फेडता येणार नाही. ज्याची वस्तू उद्या आपल्या हाती पडेल, अशा कोणा तिसऱ्याच अनोळखी मनुष्यास ते फेडावयाचे आहे. परक्याचा प्रामाणिकपणा हा असा हातोहात चालणारा ऋणानुबंध आहे. आणि आपल्या हाती तो तुटला, तर पुढच्याला तो मिळणार नाही.

आपण काय करावे

हा विचार वाचून सोडून देण्यासारखा नाही. आपल्या मंदिरात उत्सवाच्या दिवशी छत्र्या, चष्मे, लहान मुलांची पैंजणे, क्वचित दागिनेही सापडतात. आज ते कोणाजवळ द्यावे हे कोणास नेमके ठाऊक नसते, व पुष्कळदा देणाऱ्याची इच्छा असूनही वस्तू कोपऱ्यात पडून राहते. कार्यालयात एक साधी वही ठेवावी. वस्तू, तारीख, जागा व आणून देणाऱ्याचे नाव तीत लिहावे. ज्याला नाव द्यावयाचे नसेल त्याच्या नावाची जागा कोरी सोडावी. नेणाऱ्याने वस्तूचे वर्णन सांगून सही करावी. एखादे मूल रुपयाचे नाणे घेऊन आले, तर तेही तितक्याच गांभीर्याने नोंदवून घ्यावे. कार्यकारी मंडळाने याचा विचार करावा अशी आमची विनंती आहे. वही आम्ही देऊ, व रविवारी सकाळी ती सांभाळण्यास बसू.

घरी मुलांसह चर्चा करण्यासाठी पुढील प्रश्न उपयोगी पडतील.

१. सापडलेली वस्तू व दिलेली ठेव यांत फरक आहे काय? असल्यास कोणता?

२. दुकानदाराने चुकून अधिक पैसे दिले व तो ते विसरला, तर त्याची हानी कोठे जाते?

३. आपण ज्याला पुराव्यावाचून अप्रामाणिक समजतो, असा एखादा मनुष्य आठवतो काय? तसे समजण्यात आपली कोणती सोय होते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वडील मंडळींनी मुलांच्या आधी द्यावे.